रक्तातले हरवलेले हमाल

१

सर्जन आमच्या लॅबमध्ये कधी येत नाहीत. काही हवं असलं की ते फोन करतात, आणि रागावले असले की दुसऱ्याला फोन करायला लावतात. त्यामुळे मंगळवारी सकाळी ते स्वतः तीन जिने चढून आले तेव्हाच मी ओळखलं, की आज आपली काही धडगत नाही.

त्यांनी पत्ते टाकावेत तसे तीन कागद माझ्या टेबलावर टाकले.

"तिन्ही रिपोर्ट एकाच बाईचे. चव्वेचाळीस, तेवीस, एकोणीस. दीड महिन्यात! एक तर तुमचं मशीन खोटं बोलतंय, नाहीतर कुणीतरी रक्ताच्या नळ्या बदलतंय. शुक्रवारी अवयवदानाला परवानगी देणारी कमिटी आहे, मॅडम. त्याच्या आत मला सांगा काय ते."

"आणि तिचं लिव्हर खरंच बिघडलं असेल तर?"

सर्जनांचा आवाज एकदम खाली आला. "तर तिला देता येणार नाही, आणि तिचा भाऊ जाईल. दुसरं कुणी नाही हो. बायकोचा रक्तगट जुळत नाही, आणि रांगेत थांबायला त्याच्याकडे वेळ नाही."

ते गेले, आणि मी त्या तीन आकड्यांकडे बघत बसले. सव्वीस वर्षं मी ही लॅब सांभाळते. माझ्या माघारी मला सगळे 'खोडरबर' म्हणतात, कारण चुकीचा आकडा मी इथून बाहेर जाऊ देत नाही. आणि इथे तीन आकडे बाहेर गेले होते, त्यातले दोन तरी खोटे होते किंवा एक तरी. नेमके कोणते, ते मला सांगता येईना. मला फार राग आला, आणि तो कुणावर काढावा तेही कळेना.

प्रकरण थोडक्यात सांगते. भाऊ अडतीस वर्षांचा, लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याचं लिव्हर आक्रसून दगड झालेलं. त्याची थोरली बहीण, जिला आमच्याकडे सगळेच ताई म्हणू लागले होते, शाळेची बस चालवते. तिने आपल्या लिव्हरचा तुकडा भावाला द्यायचं ठरवलं. लिव्हर पुन्हा वाढतं, त्यामुळे हे करता येतं. पण देणाऱ्याचं लिव्हर धडधाकट हवं.

ते बघायला आमच्या सर्जनांची एक लाडकी तपासणी आहे. अ जीवनसत्त्वाचं कोठार लिव्हरमध्ये असतं. तिथून ते एकटं बाहेर पडत नाही, त्याला उचलून न्यायला एक प्रथिन लागतं. पुस्तकात त्याला रेटिनॉल-बाइंडिंग प्रोटीन म्हणतात, आम्ही हमाल म्हणतो. हा हमाल इतका चिमुकला, की किडनीच्या गाळणीतून सहज निसटून जाईल. म्हणून ट्रान्सथायरेटिन नावाचं एक थोराड प्रथिन रक्तात त्याचा हात धरून ठेवतं. तो मुकादम. या दोघांनाही मुख्यतः लिव्हरच घडवतं. लिव्हर आजारी पडलं की हमाल घटतात, मुकादम घटतात, आणि कोठारात माल असला तरी बाहेर टंचाई होते.

तीस ते साठ हमाल म्हणजे छान. भावाच्या रक्तात सात उरले होते. ताईच्या रक्तात पहिल्यांदा चव्वेचाळीस होते, आणि मग ते कुठे गेले ते कुणालाच माहीत नव्हतं.

२

नळ्या बदलल्या गेल्या असतील तर त्या कुणाच्या हातून गेल्या ते आधी बघायला हवं होतं. पहिला हात डासचा. डास म्हणजे आमच्या रक्त घेण्याच्या खोलीतली बाई. वीस वर्षं सुया टोचते, आणि कुणाला टोचल्याचं कळतही नाही, म्हणून हे नाव. तिला ते आवडतं.

"माझ्यावर संशय?" तिने कमरेवर हात ठेवले. "मॅडम, मी नळीवर नाव लिहिल्याशिवाय सुईला हात लावत नाही."

"तुझ्यावर नाही गं. पण तुझ्या खोलीतून नळी वर कशी येते?"

इथे तिने नजर वळवली. मग भिंतीकडे बघत म्हणाली, "शिपाई नेतो. नसला तर... नातेवाईकांच्या हाती देतो आम्ही. जिनाच तर चढायचा असतो."

मी डोक्याला हात लावला. सगळ्या दवाखान्यात ही पद्धत आहे, आणि ती बंद करा म्हणून मीच तीनदा लेखी दिलंय.

"ताईची नळी कुणी आणली?"

"दुसऱ्या वेळी तिच्या मिस्टरांनी. पण मॅडम, तो माणूस जरा चमत्कारिकच आहे. सगळे नातेवाईक खिडकीशी येऊन विचारतात, रिपोर्ट कसा आला. हा विचारतो, पुढची तारीख कोणती. आणि खिशातल्या वहीत लिहून घेतो."

ताईचा नवरा पाण्याचे मीटर वाचायला घरोघर जातो. सडपातळ, हळू बोलणारा, शर्टाच्या खिशात कायम एक छोटी वही. दुपारी मी वॉर्डबाहेर भावाच्या बायकोला गाठलं, तर तिच्या मनात जे खदखदत होतं ते झाकण उडाल्यासारखं बाहेर आलं.

"भाऊजींना हे नकोच आहे," ती म्हणाली. "तोंडाने कधी नाही म्हणाले नाहीत. पण ताईंनी पहिल्यांदा हा विषय काढला ना, तेव्हा ते जेवणावरून उठून बाहेर जाऊन उभे राहिले. अर्धा तास. मी बघितलंय. मॅडम, माझ्या नवऱ्याचं पोट पाण्याने भरलंय, आणि कुणीतरी माझ्या डोळ्यांत धूळ फेकतंय. कोण ते मला सांगा. बाकी काही नको."

कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते कुठे हे मला दिसल्यासारखं वाटलं. नवऱ्याकडे हेतू होता आणि संधीही होती. मी खुशीत लॅबमध्ये परतले आणि नोंदवही उघडली.

तिसऱ्या वेळची नळी शिपायानेच आणली होती. त्या दिवशी नवरा वर आलाच नव्हता. आणि त्या दिवशीचा आकडा तर सगळ्यात वाईट होता.

३

बुधवारी ताईची आणखी एक तपासणी होती. कमिटीआधीची शेवटची, तारीख तिला पंधरा दिवसांपूर्वीच दिलेली. मी डासला बाजूला बसवलं आणि सुई स्वतः हातात घेतली.

ताई आत आली. चाळिशी उलटलेली, रुंद खांद्यांची, मोठ्याने हसणारी. "आज मोठ्या डॉक्टरीणबाई टोचणार! म्हणजे मी व्हीआयपी झाले," ती म्हणाली, आणि खुर्चीत बसताना तिने दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरली. बाही वर करताना घड्याळ कोपरापर्यंत सरकलं. पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं एक वेडंवाकडं नवं भोक होतं.

खोलीत नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा वास येत होता. गोडसर, नाकात बसणारा. मी डासकडे डोळे वटारून बघितलं. कामाच्या जागी असले चाळे मला खपत नाहीत.

"भीती वाटते का ऑपरेशनची?" मी ताईला विचारलं.

"वाटते की. मी चाळीस पोरं घेऊन घाटातून बस काढते, तिथे नाही वाटत, इथे वाटते." मग तिने माझा हात धरला. "पण माझ्यात काही खोट निघाली का, मॅडम? निघाली असेल तर आत्ताच सांगा. धाकट्याला मी लहानपणी कडेवर घेऊन फिरवलंय हो. मला हे द्यायचंच आहे."

मी सांगितलं, की मला काहीच माहीत नाही. ते खरं होतं.

मी नळी मुठीत धरून जिना चढले, कुणाच्या हाती दिली नाही. मशीन आधी शुद्ध नमुन्यावर तपासून घेतलं. मग ताईचं रक्त लावलं आणि स्टूल ओढून समोर बसले. डास मागे येऊन उभी राहिली.

आकडा आला. अठरा.

"मशीन ठीक आहे ना?" डासने विचारलं.

मशीन ठीक होतं. नळी कुणी बदलली नव्हती, नवऱ्याने त्या रक्ताला हातही लावला नव्हता. आकडा खरा होता, आणि मग मला काहीच समजेनासं झालं.

४

मी फळ्यावर लिहून एकेक शक्यता पुसत गेले. खोडरबराचं दुसरं काम काय?

नळी उन्हात राहिली असेल? उजेडाने अ जीवनसत्त्व मरतं, पण हमाल मरत नाही. पुसलं. किडनी बिघडली? मग हमाल उलट वाढतात, गाळणीतून निघून जाणं थांबतं म्हणून. पुसलं. अंगात कुठे सूज, जंतू, ताप? त्यानेही आकडा पडतो, पण त्याची तपासणी स्वच्छ होती. पुसलं. रक्तात पाणी मिसळलं? मग मीठही पातळ दिसलं असतं. पुसलं.

फळ्यावर एकच ओळ उरली, लिव्हर खराब. आणि तीही बसेना. खराब लिव्हर असं दीड महिन्यात गुपचूप कोसळत नाही. तिला कावीळ नव्हती, रक्त वेळेत गोठत होतं. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

संध्याकाळी सर्जन पुन्हा आले. या वेळी ओरडले नाहीत, ते मला जास्त खटकलं.

"मी सांगू काय झालंय?" ते खुर्चीत टेकले. "ती घाबरली आहे. नाही म्हणायची हिंमत नाही, म्हणून काहीतरी घेते आणि स्वतःला नापास करून घेते. मी हे आधीही बघितलंय. मी शुक्रवारी कमिटीला 'नको' म्हणून कळवणार. तिची अब्रू राहील, आणि कारण म्हणून तुमचा आकडा आहेच."

माझा आकडा! मी तावातावाने काही बोलणार होते, पण बोलायला माझ्याकडे होतं काय? तिने माझा हात धरला होता, एवढंच. हात धरणारी माणसंही खोटं बोलतात, हे मला चांगलं माहीत आहे.

मी वॉर्डमध्ये गेले. भाऊ उशीला टेकून बसला होता. डोळे पिवळे, हात काटकुळे, पोट टम्म.

"या. सगळे म्हणतात तुम्ही डिटेक्टिव्ह आहात," तो म्हणाला. "मी लिफ्टवाला असलो तरी वर जायची मला घाई नाही, तेवढं लिहून घ्या." मग हसणं थांबवून म्हणाला, "सर्जनसाहेब बोलले माझ्याशी. ताईला भीती वाटत असेल तर सोडा तिला, मॅडम. तिला विचारूही नका. ती हो म्हणेल, आणि मग मला आयुष्यभर तिच्या तोंडाकडे बघता येणार नाही. आयुष्यभर म्हणजे जेवढं असेल तेवढं."

मी त्याच्या पायावर हात ठेवला आणि उठले. मला रडू येत होतं, आणि अशा वेळी मी कुणाशी बोलत नाही.

तळमजल्यावर, वजन करण्याच्या खोलीपाशी, सिस्टर फाइल लावत होती. मला बघून म्हणाली, "त्या बसवाल्या ताई तुमच्याकडेच होत्या ना? कमाल बाई हो! सर्जनसाहेबांनी सहा किलो उतरवायला सांगितलं होतं, यांनी आठ उतरवले."

मी जिन्याच्या पहिल्या पायरीवरच थांबले.

५

"कशाला उतरवायला सांगितलं?"

"पहिल्या फोटोत लिव्हरवर चरबी दिसली होती ना. ती गेल्याशिवाय तुकडा घेता येत नाही म्हणे. दर तारखेला आधी वजन, मग रक्त. मी तर टाळ्या वाजवते त्यांच्यासाठी!"

आमच्या दवाखान्यात वजन खालच्या कागदावर लिहितात आणि रक्त वरच्या कॉम्प्युटरमध्ये. दोन्ही एकत्र बघायची वेळ कुणावर येत नाही. सर्जन खालचा कागद बघून खूश होत होते, वरचा बघून संतापत होते, आणि दोन्ही कागद एकाच बाईचे होते. मी वजनाचा कागद सिस्टरच्या हातून ओढूनच घेतला.

वर येऊन मी दुसरी एक यादी उघडली, जी सर्जनांनी मागितली नव्हती म्हणून कुणी पाहिली नव्हती. ताईचं अल्ब्युमिन. तेही लिव्हरच बनवतं. चारही वेळा ते उत्तम होतं.

मग मला हसावं की रडावं ते कळेना. अल्ब्युमिन म्हणजे रक्तातला जुना नोकर. आज असलेल्यांतले निम्मे तीन आठवड्यांनंतरही कामावर असतात. मुकादमांतले निम्मे दोन दिवसांत जातात, आणि हमालांतले निम्मे तर बारा तासांतच. लिव्हरला त्यांची रोज नवी भरती करावी लागते. भरतीला लिव्हर धड हवं, हे आम्ही सगळे घोकत बसलो होतो. पण भरतीला कच्चा मालही हवा, आणि तो ताटातून येतो. जुने नोकर जागेवर आणि रोजंदारीवाले गायब, याचा अर्थ कारखाना मोडलेला नाही. त्याला पाच-सात दिवस माल मिळालेला नाही.

खुर्चीची धरलेली कड, पट्ट्याचं नवं भोक, तो गोडसर वास. मी बिचाऱ्या डासच्या नखांकडे बघितलं. वीस वर्षांत तिने कधी नेलपॉलिश लावलेलं नव्हतं. तो वास ताईच्या श्वासाचा होता. उपाशी शरीर स्वतःची चरबी जाळतं तेव्हा तो येतो, आणि हे मी दर वर्षी शिकाऊ मुलींना शिकवते!

गुरुवारी सकाळी मी ताईला बोलावलं आणि लघवीचा नमुना मागितला. पट्टी बुडवली. ती गर्द जांभळी झाली.

"ताई, पोटभर कधी जेवलात?"

"काल रात्री," ती म्हणाली. मी पट्टी तिच्यासमोर धरली. ती खाली बघत म्हणाली, "गेल्या आठवड्यात, बुधवारी. मधे काकडी खाल्ली थोडी. लिंबूपाणी घेते. कमिटी होईपर्यंत ओढायचं ठरवलंय."

"अहो, पण का?"

"तुमच्याच चिठ्ठीवर लिहिलंय की, उपाशी पोटी या."

"ते एका रात्रीपुरतं असतं!"

"माहीत आहे मला, मी काही खुळी नाही." तिचा आवाज चढला. "साहेब म्हणाले, चरबी उतरल्याशिवाय नाही. धाकट्याकडे किती दिवस आहेत ते मला दिसतंय ना! मधले दिवस खाते थोडं, तारीख जवळ आली की बंद करते. आणि प्रत्येक वेळी वजन पास, रक्त नापास. म्हणून पुढच्या वेळी आणखी कडक. एवढं करून सगळे म्हणतात, मी घाबरले!"

तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. सर्जनांना नापास होण्याची खटपट दिसली होती, ती पास होण्याची होती. ती जितकी धडपडत होती, तितका माझा आकडा तिला मागे ढकलत होता. मला तिची माफी मागावीशी वाटली, आणि मी ती मागितली.

"घरात कुणालाच कळलं नाही?" मी विचारलं.

"यांना माहीत आहे की. हेच तर सांभाळतात मला. वजनकाटा यांनीच आणला, रोज लिहून ठेवतात. मला गरगरलं की म्हणतात, अजून दोन दिवस ओढ, तुला जमेल."

६

मीटरवाला खाली बाकावर बसला होता. मी त्याच्या शेजारी बसले आणि हात पुढे केला. "वही."

त्याने काही न विचारता दिली. रोजच्या तारखा, रोजची वजनं, बारीक सुबक अक्षर. ज्या दिवशी ती जेवली नाही, त्या दिवसापुढे एक ठिपका. आणि चार तारखांसमोर आमच्या लॅबचे आकडे. चव्वेचाळीससमोर ठिपका नव्हता, कारण त्या दिवशी ती भावाला घेऊन सहज आली होती आणि जेवून आली होती. तेवीसच्या आधी चार ठिपके होते. त्याखाली त्याने पेनाने रेघ मारली होती, कागद फाटेपर्यंत. एकोणीसच्या आधी पाच ठिपके, अठराच्या आधी सहा.

"तुम्हाला माझ्या आधी कळलं," मी म्हणाले.

"मी मीटर वाचतो, मॅडम. नळ बंद ठेवला की काटा फिरत नाही."

"आणि गप्प राहिलात?"

"गप्प नाही राहिलो." त्याने चष्मा काढला. "मी तिच्या रक्ताला हात लावला नाही. औषध नाही, काही नाही. मी तिला फक्त शाबासकी दिली. ती उपाशी झोपायची आणि मी म्हणायचो, वा, किती हिंमत आहे तुझ्यात. आणि मनात म्हणायचो, नापास होऊ दे."

मी वही मिटली. इतका प्रेमाने केलेला घात मी पाहिला नव्हता.

"ते मरतील," मी म्हणाले. "तुमचे मेहुणे."

"माहीत आहे. चांगला माणूस आहे तो. पण टेबलावर ती झोपणार आहे ना? हजारात दोन-तीन परत येत नाहीत, मी वाचलंय. तुम्ही म्हणाल, दोन-तीनच. मला एकच आहे." मग तो माझ्याकडे वळला. "लिहा हे सगळं रिपोर्टात. नवऱ्याने फसवलं म्हणून लिहा. घरातून दबाव आहे असं दिसलं तर कमिटी सरळ नाही म्हणते, हेही मी वाचलंय."

म्हणजे गुन्हा पकडला गेला तरी त्याचंच साधणार होतं! मी लिहिलं तर भाऊ जाणार, नाही लिहिलं तर मी खोडरबर कसली? गुन्हेगार सापडल्यावर सगळं सोपं होतं अशी माझी समजूत होती. ती त्या बाकावर पार धुऊन निघाली.

"नका लिहू," मागून आवाज आला.

ताई जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती. किती वेळ, ते मला माहीत नाही.

७

मी दोघांना कँटीनमध्ये नेलं, कारण दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही. आठवडाभर उपाशी असलेल्या माणसाला एकदम भरपेट द्यायचं नसतं, म्हणून अर्धा ग्लास दूध आणि एक उकडलेलं अंडं मागवलं. ताईने दोन्हींना हात लावला नाही.

"मला विचारायचं होतं," ती नवऱ्याला म्हणाली. "नको जाऊ, असं म्हणायचं होतं."

"म्हटलं असतं तर थांबली असतीस?"

"नाही."

"मग?"

"मग भांडलो असतो आपण! बावीस वर्षांत कधी भांडलो नाही का? तुम्ही मला शाबासकी दिलीत हो. मला भोवळ यायची, आणि मला वाटायचं, हा माणूस आहे म्हणून मी उभी आहे." तिचा आवाज फुटला. शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली, मी त्यांच्याकडे माझे लॅबमधले डोळे वटारले. "आता म्हणा. माझ्या तोंडावर म्हणा."

तो टेबलाकडे बघत होता.

"नको जाऊ," तो म्हणाला. इतक्या हळू, की मला जेमतेम ऐकू आलं.

"ऐकलं," ती म्हणाली. "मी जाणार."

त्याने बशीतलं अंडं उचललं, टेबलाच्या कडेवर आपटलं आणि सोलायला घेतलं. टरफल बारीक बारीक तुकड्यांनी निघत होतं. सोलून झाल्यावर त्याने ते तिच्यासमोर ठेवलं, आणि तिने खाल्लं.

८

रिपोर्टात मी लिहिलं, की आकडे खरे आहेत, कारण उपासमार आहे, लिव्हरचा आजार नाही. दात्री स्वतःच्या मनाने देते आहे का, ते कमिटीने तिला एकटीला विचारावं. शाबासकीबद्दल मी लिहिलं नाही. बरोबर केलं का, मला अजून ठरवता आलेलं नाही.

कमिटीने तिला एकटीला बसवून तासभर विचारलं, आणि निर्णय दहा दिवस पुढे ढकलला. ते दहा दिवस भावाच्या बायकोने कसे काढले, ते तिचं तिलाच ठाऊक. वजन परत वाढू न देता ताईला पोटभर कसं खायला घालायचं, ते आहारवाल्या बाईंनी ठरवलं, आणि घरी त्याप्रमाणे रांधलं मीटरवाल्याने. दहाव्या दिवशी हमाल बेचाळीस होते. फोटोत लिव्हर स्वच्छ होतं. सर्जनांनी मला फोन केला, स्वतः, आणि नुसतं "मॅडम" म्हणून ठेवून दिला. ती त्यांची माफी होती, असं मी धरून चालते.

ऑपरेशनच्या दिवशी मला लॅबमध्ये लक्ष लागेना. दुपारी मी खाली उतरले आणि मीटरवाल्याशेजारी बसले. चारच्या सुमारास सर्जन बाहेर आले आणि आधी भावाच्या बायकोकडे गेले. नवा तुकडा कामाला लागला होता, पित्त तयार होत होतं. ती हमसून हमसून रडली.

"ताईही बऱ्या आहेत," सर्जन आमच्याकडे बघून म्हणाले. "शुद्धीवर येतायत."

मीटरवाल्याने तोंडावरून हात फिरवला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मी चुकलो ना, मॅडम?"

"हो."

"आणि ती परत आली नसती, तरी मीच चुकलो असतो?"

सव्वीस वर्षांत माझ्याकडे एवढा साधा प्रश्न आला नव्हता, आणि त्याचं उत्तर देणारं मशीन माझ्याकडे नव्हतं.

"तरीही," मी म्हणाले. पण माझा आवाज माझा मलाच पटला नाही, आणि त्यालाही ते कळलं असणार. त्याने माझा हात क्षणभर दाबला.

दार उघडून नर्सने विचारलं, ताईंचे मिस्टर कोण. तो उठला, चालायला लागला आणि मग धावत आत गेला.